हाली की कलदार?

क्रिप्टोचा विषय निघाला की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, हेच उद्याचं चलन. दुसरी म्हणते, "अरे पण याच्या मागे आहे काय? सोनं नाही, सरकार नाही, नुसती हवा!" मला दुसऱ्या पार्टीचा प्रश्न जास्त आवडतो. फक्त विचारणाऱ्यांनी तो आपल्या खिशातल्या नोटेलाही एकदा विचारून बघावा, एवढंच.

मी परभणीचा. आमच्या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. माझ्या आजोबांच्या पिढीने तो लहानपणी बाजारात ऐकलाय, आणि तोही मोजक्या शब्दांत: "हाली की कलदार?" पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं तर त्यांना ही दोन आंब्यांची नावं वाटली. म्हणून म्हटलं, या वीकेंडला यावरच लिहू.

आधी थोडी पार्श्वभूमी. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. (हिंगोलीही तेव्हा परभणी जिल्ह्यातच. वेगळा जिल्हा झाला तो १९९९ मध्ये.) आता संस्थान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजवाडा आणि हत्ती येतात. पण या संस्थानाची स्वतःची रेल्वे होती, स्वतःचं पोस्ट होतं, स्वतःचं फसली साल होतं, सरहद्दीवर जकात घेणारे करोडगिरीचे नाके होते. आणि स्वतःचा रुपया होता. त्याचं नाव हाली सिक्का.

'हाली' म्हणजे सध्याचा, चालू. आपण मराठीत 'हल्ली' म्हणतो तो हाच अरबी शब्द. त्याआधी संस्थानात वेगवेगळ्या टांकसाळींतली, वेगवेगळ्या कसाची नाणी फिरत असत. १८५७ नंतर दिल्लीच्या बादशहाच्या नावाने नाणी पाडण्यात काही अर्थ उरला नाही, तेव्हा दिवाण सालारजंगाच्या काळात हा 'चालू' सिक्का रूढ झाला.

आणि कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया. 'कल' म्हणजे यंत्र. आपण कळ दाबतो ना, तीच कळ. यंत्रावर पाडलेलं, गोल गरगरीत, सगळीकडून सारखं नाणं ते कलदार. हाली सिक्का सुरुवातीला हातोड्याने ठोकलेला असायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबादेतही यंत्रावर नाणी पडायला लागली आणि त्यांच्यावर चारमिनार आला. पण तोवर नावं घट्ट बसली होती. हाली यंत्रावर पाडला तरी हालीच राहिला, आणि कलदार इंग्रजांचाच.

आता इंजिनिअर माणूस, आकडेमोड केल्याशिवाय राहवत नाही. चारमिनारवाल्या हाली रुपयाचं वजन ११.१७८ ग्रॅम, त्यात चांदी ८१.८ टक्के. म्हणजे शुद्ध चांदी साधारण ९.१४ ग्रॅम. कलदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे १०.६९ ग्रॅम. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. १.१७ येतं. आणि सरकारी दर काय होता? ७ हाली बरोबर ६ कलदार. ७ भागिले ६, १.१७! हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. एक्स्चेंज रेट जणू नाण्याच्या धातूतच ओतून ठेवला होता.

कागदावर हे फार सुबक दिसतं. पण रोज त्यात राहायचं म्हणजे काय, याचा विचार करा. हिंगोलीचा एखादा दुकानदार माल आणायला वाशीमला निघाला. अंतर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. पण वाशीम वऱ्हाडात, आणि वऱ्हाडाचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे. म्हणजे हिंगोलीत हाली, वाशीमला कलदार. निघताना सराफाकडे जायचं, नाणी बदलून घ्यायची. परत आल्यावर उरलेली पुन्हा बदलायची. सराफ काही धर्मखातं चालवत नव्हता, दोन्ही वेळा त्याचा बट्टा कापला जायचा. 'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो तो बट्टा हाच: नाणं पूर्ण किमतीला न चालता जेवढं कमी पडायचं तो फरक. नाणं 'वाजवून घेणं' ही रोजची रीत होती. खणखणीत वाजलं तर खरं, बद्द वाजलं तर खोटं.

कापसाचंही तेच. सेलू, मानवत, परभणी हा सगळा कापसाचा पट्टा. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद-मनमाड रेल्वे आली आणि इथला कापूस मनमाडमार्गे मुंबईला जायला लागला. मुंबईचा भाव कलदारात, शेतकऱ्याच्या हातात पडणारे पैसे हालीत. मधलं गणित ज्याला पटकन जमतं तो व्यापारी, ज्याला जमत नाही तो शेतकरी. सातला सहा हे प्रमाण तोंडपाठ असणं ही तेव्हाची आर्थिक साक्षरता म्हणायला हरकत नाही.

इथे मला बिटकॉइनची पहिली दोन वर्षं आठवतात. ३ जानेवारी २००९ ला त्याचा पहिला ब्लॉक तयार झाला. त्यानंतर कित्येक महिने त्याला किंमतच नव्हती. मूठभर लोक घरचा कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवायचे, सकाळी खात्यात पन्नास-पन्नास नाणी जमा. त्यांचं करायचं काय हा प्रश्नच! ऑक्टोबर २००९ मध्ये एकाने विजेच्या बिलावरून हिशेब मांडून पहिला दर जाहीर केला: १ डॉलरला १,३०९.०३ बिटकॉइन. तिकडे चांदी, इकडे वीज. दर कशावर तरी टेकवावाच लागतो. मग २२ मे २०१० ला फ्लोरिडातल्या एका प्रोग्रामरने १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मागवले. त्याच वर्षी गॅव्हिन अँड्रेसनने एक पान सुरू केलं होतं. तिथे जाऊन मागाल तर ५ बिटकॉइन फुकट. का? तर लोकांच्या हाताला सवय लागावी म्हणून.

पिझ्झाच्या गोष्टीवर आज सगळे हळहळतात (मीही हिशेब करून बघितलाय, मग जेवण गेलं नाही). पण मला वाटतं, त्या व्यवहारातला खरा माणूस पिझ्झा पाठवणारा होता. त्याने ती नाणी 'घेतली'. चलन छापणारा कुणीही असू शकतो, राजा किंवा सातोशी. ते घेणारा समोर उभा राहिला की मगच त्याचा पैसा होतो.

हाली सिक्क्यालाही एकदा अशाच परीक्षेतून जावं लागलं. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९१८ मध्ये संस्थानाने कागदी नोटा आणल्या. आता धातूचा आधार हातातून गेला, उरला नुसता शब्द. म्हणून तो शब्द सगळ्यांना वाचता यावा अशी सोय केली. नोटेवर उर्दूबरोबर इंग्रजी, मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही किंमत लिहिलेली असे.

या नोटा छापून यायच्या इंग्लंडहून. त्यातली एक खेप घेऊन निघालेलं 'इजिप्त' नावाचं जहाज २० मे १९२२ ला फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाला धडकून बुडालं. जहाजावर टनावारी सोनं-चांदी होती, तिच्यासाठी १९३० च्या दशकात इटालियन पाणबुड्यांनी ते शोधून काढलं. सोन्याबरोबर निजामाच्या नोटाही वर आल्या. पण त्यांच्यावर अजून सह्या व्हायच्या होत्या. दहा वर्षं समुद्रात राहून कागद टिकला, पण सही नाही म्हणून पैसा नाही. बिटकॉइनवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. किल्ली हरवली, सही करता येत नाही, मग खात्यात कितीही दिसोत.

असो. मुख्य मुद्दा अजून पुढेच आहे.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कलदारातली चांदी कमी केली, १९४० मध्ये थेट अर्ध्यावर आणली. १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. म्हणजे मी वर मांडलेलं चांदीचं गणित मोडलं. पण दर? सातला सहाच! चांदी निघून गेली आणि सवय तशीच राहिली. खांब काढून घेतले तरी छत जागेवर, असा प्रकार.

मग १९४७ आलं. भारत स्वतंत्र झाला, हैदराबाद सामील झालं नाही. २९ नोव्हेंबरला 'जैसे थे' करार झाला आणि त्यानंतर लवकरच हैदराबाद सरकारने वटहुकूम काढला: भारतीय रुपया संस्थानात कायदेशीर चलन नाही. दिल्लीला हे राजकारण होतं. हिंगोली-जिंतूरकडच्या माणसाला याचा अर्थ असा, की घरात ठेवलेले कलदार रातोरात संशयास्पद झाले आणि वाशीमचा बाजार परदेश झाला. पुढचे काही महिने मराठवाड्यात काय झालं ते वेगळं सांगायला नको. रझाकारांचे हल्ले, सरहद्दीपलीकडे गेलेली कुटुंबं, नाकेबंदी. घर सोडून वऱ्हाडात गेलेल्या माणसाच्या कनवटीला जे हाली रुपये होते, ते तिकडे घेणार कोण आणि किती बट्ट्याने? चलनाच्या मागे काय आहे हा प्रश्न अशा वेळी कॅन्टीनमधला राहत नाही.

आणखी एक गंमत बघा. त्या वर्षभरात सत्याग्रही काय किंवा रझाकार काय, मीठमिरची घ्यायला दोघांनाही चारमिनारच लागत होता. ज्या राजाविरुद्ध लढायचं त्याच्याच रुपयावर लढ्यातली भाकरी. राजावरचा विश्वास आणि रुपयावरचा विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला यातून कळतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपलं. रुपया मात्र त्या दिवशी संपला नाही! २६ जानेवारी १९५० नंतरही हाली सिक्का भारतीय रुपयाच्या बरोबरीने चालत राहिला आणि पन्नासच्या दशकात टप्प्याटप्प्याने मागे घेतला गेला. दर तोच, सातला सहा. ज्याचा पगार ७० हाली होता त्याला ६० रुपये मिळायला लागले. आकडा घटला, किंमत तीच. (अप्रेझलनंतर आपल्या बाबतीत उलटं होतं, आकडा वाढतो आणि किंमत तीच.) तेवढ्यात १ एप्रिल १९५७ ला आणे जाऊन नवे पैसे आले. म्हणजे आजोबांच्या पिढीने दहा वर्षांच्या आत तीन हिशेब शिकले.

ज्या बँकेकडे या हाली चलनाची व्यवस्था होती ती हैदराबाद स्टेट बँक. १९४१ च्या कायद्याने स्थापन झालेली, १९४२ मध्ये सुरू झालेली. १९५६ पासून ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद, म्हणजे आम्हा मराठवाड्यातल्यांची 'एसबीएच', झाली. १ एप्रिल २०१७ ला ती स्टेट बँकेत विलीन झाली. परभणीत अनेकांचं पहिलं खातं तिथलंच.

आता मुद्दा. राजा गेला, राज्य गेलं, सैन्य गेलं, तरी चारमिनारचा रुपया बाळगणाऱ्याला वर्षानुवर्षं खिडकी उघडी होती. या, सात द्या, सहा घ्या. कुणीतरी ती जबाबदारी आपल्या अंगावर घेतली होती. माझ्या मते कुठल्याही चलनाची परीक्षा ते चालू होताना होत नाही, बंद होताना होते.

याच्यासमोर माउंट गॉक्स ठेवा. टोकियोतलं हे एक्स्चेंज २०१० मध्ये सुरू झालं, काही काळ जगातलं सर्वात मोठं होतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद पडलं, साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं सांगितलं गेलं. (त्यातले दोन लाख नंतर सापडले.) लोकांना त्यांची नाणी परत मिळायला सुरुवात झाली जुलै २०२४ मध्ये. दहा वर्षांनी. बिटकॉइन स्वतः मात्र बंद पडलं नाही. बुडाला तो सराफ. कोडने सराफाची गरज संपवली असं आपण म्हणत होतो, पण नाणं बदलायला माणूस शेवटी सराफाकडेच गेला, हिंगोलीचा असो की टोकियोचा.

म्हणून आता कुणी क्रिप्टो घ्यायला निघालं की मी "मागे काय आहे" हे विचारत नाही. तीन प्रश्न विचारतो: उद्या बदलून कोण देणार? कुठल्या दराने? आणि कधीपर्यंत? आपल्याकडे २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, म्हणजे सरकार वाटा घेतं. पण खिडकी उघडी ठेवायचा शब्द कुणी दिलेला नाही. हे माहीत असूनही घ्यायचं असेल तर जरूर घ्या, २००९ च्या त्या मूठभर लोकांनीही तेच केलं होतं.

जाता जाता, तुमच्यापैकी कुणाचं घर मराठवाड्यातलं असेल तर आजीच्या डब्यात चारमिनारवालं नाणं आहे का ते बघा. असेल तर मधल्या कमानीत एक छोटं अक्षर दिसेल. 'मीम' असेल तर ते महबूब अली खानाचं, म्हणजे १९११ किंवा आधीचं. 'ऐन' असेल तर उस्मान अली खानाचं, नंतरचं. सापडलं तर कळवा. आणि सराफाला देण्याआधी एकदा फरशीवर वाजवून बघा.