देवळाचे काम आणि हितसंबंधियांचा तक्ता

कोणतेही सार्वजनिक कार्य हाती घ्यावयाचे म्हटले म्हणजे प्रथम पैशाचा विचार होतो, आणि तो होणे स्वाभाविकच आहे. दगड, वाळू, सिमेंट, कारागिरांची मजुरी, शिखराचे काम या सर्वांची बेरीज मांडल्यावाचून नारळ फोडता येत नाही. परंतु जीर्णोद्धाराची कामे पुष्कळदा पैशापायी नव्हे, माणसांपायी अडतात. पालखी ज्याच्या अंगणावरून जाते त्याच्याशी कोणी बोललेले नसते. पिढ्यान्‌पिढ्या दिवाबत्ती करणाऱ्या घरचे नाव यादीत राहून गेलेले असते. भर उन्हात देवळाच्या ओसरीवर टेकणाऱ्या गुराख्याला तर विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. ओसरी पाडून तेथे लोखंडी जाळी बसली की मग तो बोलतो.

ज्यांचे एखाद्या कामात काही गुंतलेले आहे, ज्यांना त्या कामाचा लाभ होणार आहे किंवा झळ लागणार आहे, अशा सर्वांना हल्लीच्या व्यवस्थापनशास्त्रात ‘स्टेकहोल्डर’ म्हणतात. मराठीत हितसंबंधी हा शब्द त्यास पुरेसा आहे. फ्रीमन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९८४ साली या विषयावर ग्रंथ लिहिला आणि तेव्हापासून ही कल्पना कारखान्यांपासून धरणांपर्यंत सर्वत्र पसरली. अशा माणसांची नोंद आता संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्यामध्ये करतात. ही रीत वरवर नवी वाटते. परंतु कामात कोण कोणाचे आणि कोणाचा काय हक्क, याच्या नोंदीचा अनुभव उमरेडच्या परिसराला फार जुना आहे, आणि त्यात काय साधले व काय हुकले हेही तपासून पाहण्याजोगे आहे.

उमरेड हे नागपूरच्या आग्नेयेस सुमारे ४५ किलोमीटरवर वसलेले. कोष्ट्यांच्या मागावरचे रेशीमकाठी सुती कापड ही त्याची जुनी ओळख. अशा पेठेच्या गावी हिशेब मोडी लिपीत चाले आणि त्याच्या वह्या दोन प्रकारच्या असत. रोजकीर्द दिवसाप्रमाणे लिहिली जाई. खतावणीत मात्र माणसागणिक स्वतंत्र पान असे. सूत कोणाला दिले, कापड कोणाकडून आले, बाकी कोणाकडे, हे खतावणी उघडल्याबरोबर कळे. एकाच व्यवहाराकडे दिवसाच्या बाजूने आणि माणसाच्या बाजूने असे दोनदा पाहण्याची ही सोय आपल्या व्यापाऱ्यांनी संगणकाच्या कितीतरी आधी साधली होती.

रघुजी तिसरे १८५३ साली निवर्तले, पुढल्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. त्याच दशकात इंग्रजांनी जमिनीचा बंदोबस्त केला आणि वसुली करणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी दिली. गावोगाव नकाशा, खसरा आणि जमाबंदी असे कागद तयार झाले. जमाबंदीत कोणते कूळ, कोणते शेत, किती क्षेत्र आणि किती लगान, हे ओळीओळीने मांडलेले असे. काम चोख होते. परंतु त्या तक्त्याने विचारलेला प्रश्न एकच होता : देणे कोणाकडून यावयाचे? ज्याच्याकडून काही यावयाचे नव्हते त्याला जमाबंदीत ओळ नव्हती. त्याच शेतात वर्षभर राबणारा सालदार, निंदणीला जाणाऱ्या बाया, यांची नावे तीत सापडत नाहीत. यात लिहिणाऱ्याचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. तक्ता प्रश्नाप्रमाणे आखला जातो आणि प्रश्नाबाहेरची माणसे आपोआप गळतात.

याच भूमीत दुसऱ्या प्रकारचाही कागद निर्माण झाला, आणि तो अधिक लक्षात घेण्याजोगा आहे. तो म्हणजे निस्तार पत्रक. मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली, पुढे विदर्भ महाराष्ट्रात आला, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत विदर्भापुरते निस्तार पत्रकाचे प्रकरण घालण्यात आले. निस्तार हा शब्द आपल्याकडे समजावून सांगावा लागत नाही. गुरांची चराई, जळतण, घरासाठी लाकूड, मुरूम, माती, वाळू, दगड यांवरील गावकऱ्यांची वहिवाट म्हणजे निस्तार. संहितेच्या कलम १६१ अन्वये जिल्हाधिकाऱ्याने गावच्या पडीत जमिनीच्या व्यवस्थेचे हे पत्रक तयार करावयाचे, त्याचा मसुदा गावात प्रसिद्ध करावयाचा आणि रहिवाशांची इच्छा जाणून घेऊनच ते कायम करावयाचे. घरगुती गरजेसाठी रहिवाशांना काय मोफत नेता येईल आणि गावच्या कारागिरांना त्यांच्या धंद्यासाठी कोणत्या सवलती, याचाही त्यात विचार आहे. ग्रामपंचायतीने मागणी केल्यास, किंवा पंचायत नसेल तेथे चौथाई प्रौढ रहिवाशांनी अर्ज केल्यास पत्रकात दुरुस्ती करता येते.

जमाबंदी आणि निस्तार पत्रक हे दोन्ही कागद एकाच गावाचे. पहिल्यात देणारा दिसतो, दुसऱ्यात वापरणारा. देवळाच्या देणगीदारांची यादी ही जमाबंदीच्या जातीची असते. ती हवीच, तिच्यावाचून काम उभे राहात नाही. परंतु देवळाला तिच्या जोडीस निस्तार पत्रकासारखीही एक यादी लागते. देवळाचा वापर कोण करतो, पाणी कोण भरते, भजनाला कोठे बसतात, काल्याच्या दिवशी पंगती कोणाच्या पडवीत उठतात, हे पावतीपुस्तकात कोठे दिसणार?

कायद्यानेही हा मुद्दा ओळखला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमात ‘हितसंबंधी व्यक्ती’ याची व्याख्या दिली आहे. देवळाच्या बाबतीत जो पूजाअर्चेस हजर राहण्याचा हक्कदार आहे, किंवा जो तेथे नेहमी हजर राहतो, तो हितसंबंधी. देवळात वाटल्या जाणाऱ्या वस्तूंचा वाटा घेण्याचा ज्याला हक्क आहे किंवा ज्याचा तसा परिपाठ आहे, तोही हितसंबंधी. देणगीच्या रकमेचा या व्याख्येत उल्लेख नाही.

मोठ्या प्रकल्पांत नोंद चुकली म्हणजे काय होते, हे तर उमरेडच्या आसपास सर्वांनी जवळून पाहिले आहे. एकीकडे कोळशाच्या खुल्या खाणी, दुसरीकडे वैनगंगेवरील गोसीखुर्द धरण, ज्याची पायाभरणी १९८८ साली झाली आणि ज्याच्यामुळे नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील अनेक गावे उठली. जमीन जाते तेव्हा ज्याच्या नावाचा सातबारा त्याचे नाव कागदावर येणे सोपे असते. त्याच्या शेतावर पोट असलेल्याचे काय, हा प्रश्न मागाहून आला. राज्याच्या १९९९ च्या पुनर्वसन अधिनियमात शेतमजूर हा बाधित व्यक्तींमध्ये धरला गेला. केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याने आणखी पुढे जाऊन, तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणारा मजूर, बटईदार, कारागीर, तसेच वनोपज गोळा करणारे, मासेमार आणि नावाडी यांनाही बाधित कुटुंबांत घेतले आणि ग्रामसभेशी विचारविनिमय करून सामाजिक परिणामांची पाहणी करणे सर्वसाधारणपणे बंधनकारक केले. मालगुजारी बंदोबस्तापासून येथवर यावयास दीडशे वर्षे लागली. तक्त्यात एक ओळ वाढणे ही किती मोठी गोष्ट असते, ते यावरून कळावे.

आता संगणकाच्या तक्त्याविषयी. १९७८ च्या सुमारास हार्वर्ड येथे शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन याने वर्गात एक अडचण पाहिली. फळ्यावर मांडलेल्या कोष्टकातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे काम यंत्राने करावे असे त्याच्या मनात आले. बॉब फ्रँकस्टन याच्या साहाय्याने त्याने ‘व्हिजिकॅल्क’ तयार केला आणि १९७९ साली तो बाजारात आला. १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आणि १९८५ मध्ये ‘एक्सेल’ निघाले. आज तालुक्याच्या कोणत्याही संगणक केंद्रात हा तक्ता उघडता येतो, मोबाईलवरही उघडतो.

हितसंबंधियांच्या कामी त्याचा उपयोग असा. एका माणसाला किंवा एका गटाला एक आडवी ओळ. उभ्या रकान्यांत नाव, देवळाशी नाते, त्याचे काय गुंतले आहे, त्याला काय हवे, कशाची धास्ती आहे, काम थांबविण्याची किंवा पुढे नेण्याची ताकद किती, आस्था किती, त्याच्याशी कोण बोलणार आणि कधी. ताकद व आस्था यांना एक ते पाच असे अंक देतात. मग तक्ता हवा तसा लावून पाहता येतो. ताकद मोठी पण आस्था थोडी अशा मंडळींना कामाची माहिती देऊन राजी ठेवावे लागते. आस्था मोठी आणि ताकद थोडी अशी मंडळी, म्हणजे बहुधा देवळाचे रोजचे वापरकर्ते, ही खरी जपण्याची. शास्त्रातील पुस्तके त्यांना केवळ ‘माहिती देत राहा’ म्हणून सोडून देतात, ते बरे नव्हे. भेट न झालेल्यांची नावे तेवढी वेगळी काढून पाहणे हा त्यातील सर्वांत उपयोगी खेळ. पन्नास ओळींपैकी बारा जणांशी अद्याप कोणीही बोललेले नाही, असे एकदा पडद्यावर दिसले की समितीच्या बैठकीत ‘सर्वांना विचारले आहे’ असे म्हणणे अवघड जाते.

या सोयीत फसगतही पुष्कळ आहे. ‘विठ्ठलराव’ आणि ‘विठ्ठल राव’ ही यंत्राला दोन माणसे वाटतात. एकच देणगीदार दोनदा येतो. जुन्या मराठी फाँटात टंकलेली नावे नव्याशी जुळत नाहीत आणि अकारविल्हे लावली तर क्रम भलताच येतो. सर्वांत वाईट चूक म्हणजे केवळ नावांचा रकाना निवडून तो क्रमाने लावणे. नावे हलतात, शेजारच्या रकमा जागच्या जागी राहतात, आणि एकाची देणगी दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसते. कागदावर हे दुरुस्त करता येईल. संगमरवरी पाटीवर अक्षरे खोदल्यावर काय करावयाचे? म्हणून प्रत्येक ओळीला पावती क्रमांक हवाच, आणि पाटी खोदण्यापूर्वी तक्ता मूळ पावत्यांशी माणसाच्या डोळ्यांनी ताडून पाहिला पाहिजे.

ओळी गळण्याचे संकट थोरामोठ्यांनाही चुकलेले नाही. करोनाच्या साथीत, २०२० च्या सप्टेंबरअखेर, इंग्लंडमध्ये रुग्णांच्या नोंदी जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये घेतल्या जात होत्या. त्या फाइलीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते. जागा संपली आणि पुढील नोंदी निमूटपणे बाहेर पडल्या. आठवडाभरात १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांत आले नाहीत आणि त्यांच्या संपर्कातील माणसांचा शोध लांबला. यंत्राने कोणतीही खोटी बेरीज केली नव्हती. होत्या तेवढ्या ओळींची बेरीज बरोबरच होती.

गावच्या कामात ६५,५३६ ओळी कधीच लागणार नाहीत. तेथे ओळ गळते ती जागेअभावी नव्हे, आठवणीअभावी. समितीचे चौघे बसून नावे सांगू लागले की आपापल्या आळीची नावे येतात. सासरी गेलेल्या लेकी, मुंबई-पुण्याला किंवा खाणीच्या वसाहतीत राहावयास गेलेली घरे, पारावर फुले विकणारी म्हातारी, ही नावे दुसऱ्या कोणाला तरी आठवावी लागतात. याकरिता यादी घेऊन आळीआळीने फिरणे आणि प्रत्येक घरी ‘आणखी कोणाला विचारावे?’ एवढेच विचारणे हा उत्तम मार्ग. नवे नाव मिळणे थांबेपर्यंत फिरावे.

एक सावधगिरी मात्र अवश्य हवी. ताकद, आस्था, विरोध असे माणसांविषयीचे शेरे ज्या तक्त्यात असतात तो सर्वांच्या मोबाईलवर धाडण्याचा नसतो. ‘विरोध – ४’ असा शेरा ज्याच्या नावापुढे आहे त्याच्याच हाती तो पडला, तर चाराचे पाच व्हावयास वेळ लागत नाही. याकरिता दोन पाने ठेवावीत. शेऱ्यांचे पान समितीपाशी, संकेतशब्द घालून. नाव, वहिवाट आणि कामात काय हवे एवढेच असलेले दुसरे पान मोठ्या अक्षरांत छापून, निस्तार पत्रकाचा मसुदा गावात लावावा तसे, सभामंडपाच्या भिंतीवर लावावे. शेजारी दोरीला बांधलेली एक पेन्सिल आणि तळाशी आठदहा कोऱ्या ओळी ठेवाव्यात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी शनिवारच्या आरतीनंतर ते पान मोठ्याने वाचून दाखवावे आणि सुचलेली नावे तेथल्या तेथे पेन्सिलीने लिहून घ्यावीत.