घरबांधणी (स्वतःच्या जागेवर)

घरबांधणी : स्वतःच्या मालकीच्या जागेवर, स्वतःच्या गरजेप्रमाणे आराखडा करून घेऊन राहते घर उभे करण्याची प्रक्रिया. तयार सदनिका घेताना माणूस वस्तू बघून पैसे देतो. येथे आधी पैसे जातात, वस्तू नंतर दिसते. शिवाय घराचे काम असे असते की पुढचा प्रत्येक टप्पा मागच्या टप्प्याला झाकून टाकतो. पाया मातीखाली जातो, सळई काँक्रीटखाली, वीटकाम आणि विजेच्या नळ्या गिलाव्याखाली. त्यामुळे घरमालकाचे खरे काम झाकण्याआधी पाहण्याचे, आणि बहुतेकांची चूक तिथेच होते. टाइल्सच्या दुकानात चार दिवस घालवणारे पायाच्या खड्ड्यात एकदाही उतरलेले नसतात. ही नोंद मुख्यतः महाराष्ट्रात देशावर बांधल्या जाणाऱ्या एक-दोन मजली आरसीसी घराची आहे. कोकणातील चिऱ्याच्या घराचा विचार शेवटी केला आहे.

जागा आणि कागद : सुरुवात सातबारा उताऱ्याने किंवा, गावठाणात व शहरात, मिळकत पत्रिकेने होते. उताऱ्यावर नाव असले तरी जागा नेमकी कुठून कुठपर्यंत, हे उतारा सांगत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याकडे शुल्क भरून हद्द कायम मोजणी करून घ्यावी लागते. मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशाला ‘क प्रत’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या बांधावरच्या बाभळीला हद्द मानत आलेल्या दोन शेजाऱ्यांचे संबंध मोजणीच्या दिवशी बिघडतात, हे खरे. पण भिंत उभी राहिल्यावर बिघडण्यापेक्षा ते बरे. गुंठागुंठ्याने घेतलेल्या शेतजमिनीवर बांधायला निघालेल्यांना १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येत आला आहे. शेतजमिनीचा निवासी वापर करायचा तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार ती अकृषिक, म्हणजे बोलीभाषेत ‘बिनशेती’ किंवा ‘एनए’, व्हावी लागते. पुढे कलम ४२ ब, क, ड घालून विकास योजनेतील, प्रादेशिक योजनेतील आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनींसाठी ही वाट बरीच सोपी केली गेली.

नकाशा : वास्तुविशारद नकाशा करतो तो दोन वेळा. एकदा घरातल्या माणसांसाठी आणि एकदा मंजुरीसाठी. मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. ती ३ डिसेंबर २०२० पासून अमलात आली. किती बांधता येईल हे चटई क्षेत्र निर्देशांक ठरवतो, कुठे बांधता येईल हे सामासिक अंतरे ठरवतात. लहान भूखंडावर चारी बाजूंची ही अंतरे सोडली की मालकाच्या मनातला हॉल आपोआप आटतो. उरलेला आकार वास्तुशास्त्राच्या सल्ल्याने बदलतो : स्वयंपाकघर आग्नेयेला, देवघर ईशान्येला. त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र पश्चिमेच्या भिंतीला एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर ऊन लागते आणि जूननंतर पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो, या दोन गोष्टींचा हिशेबही नकाशात हवा. पश्चिमेच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात गादी ओली होते.

नकाशा आणि आरसीसी ड्रॉइंग ही दोन वेगळी कामे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कॉलम किती, फुटिंग केवढे, सळई कोणत्या जाडीची आणि रिंग किती अंतरावर, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो. तालुक्याच्या गावी त्याची फी वाचवली जाते आणि मिस्त्री “बाराच्या सहा टाकू, काही होत नाही” म्हणतो, त्यावर घर उभे राहते. कॉलमच्या रिंगेचे टोक नुसते काटकोनात वळवलेले असते की १३५ अंशांत आत वळवलेले असते, यावर भूकंपात कॉलम टिकतो की फुटतो हे बरेचसे ठरते. महाराष्ट्राने हा विषय दोनदा अनुभवला आहे : ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीला. किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे गेली. तिथल्या घरांच्या भिंती जाडजूड दगडमातीच्या होत्या, पण बाहेरचा आणि आतला थर एकमेकांत गुंतवणारे आरपार दगड त्यांत नव्हते. माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेलेले होते. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारे ते छप्परच अंगावर आले. त्यानंतर त्या भागातले लोक दगडाच्या घरात झोपायला कचरू लागले. दोष दगडाचा नव्हता, बांधण्याच्या रीतीचा होता. पण ज्याने तो पहाटेचा आवाज ऐकला त्याला हे कोण समजावणार?

ठेका : काम ‘लेबर रेट’ने दिले जाते, म्हणजे माल मालकाचा आणि मजुरी चौरस फुटाने, किंवा ‘विथ मटेरियल’. पहिल्यात सिमेंटच्या पोत्यांपासून खिळ्यांपर्यंत सगळे मालकाने वेळेवर आणून द्यायचे, दुसऱ्यात मालाचा दर्जा लिहून घ्यायचा. भांडणे बहुधा मोजमापावरून होतात : जिना धरायचा का, गॅलरी पूर्ण धरायची की अर्धी, गच्चीचा कठडा वेगळा का. हे कागदावर नसेल तर शेवटी ‘एक्स्ट्रा’ची यादी येते. वाळू, खडी, मुरूम ब्रासने येतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रकच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची टेपने घेऊन गुणाकार करणारा मालक पुरवठादाराला आवडत नाही, पण त्याला माल पूर्ण मिळतो. गृहकर्जही एकदम मिळत नाही. बँकेचा माणूस काम पाहून जातो तसतसे ते टप्प्याटप्प्याने सुटते.

लाइन-आउट आणि पाया : भूमिपूजनानंतर फक्कीने जमिनीवर घर आखले जाते. काटकोन साधण्यासाठी मिस्त्री दोरीवर एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजतो आणि तिरका कर्ण ५ फूट भरतो का ते पाहतो. पायथागोरसचे नाव त्याने ऐकलेले असो वा नसो. पातळी जुळवायला आजही पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते, मात्र नळीत हवेचा बुडबुडा नको.

देशावरचा मोठा शत्रू म्हणजे काळी माती. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत पाणी शोषून फुगणारी खनिजे असतात. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टेकलेले घर वर्षातून एकदा उचलले आणि एकदा सोडले जाते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तिरप्या भेगा बहुधा त्याच्याच खुणा. म्हणून मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदायचे हा नियम. माती फारच खोल असेल तर खाली फुगीर कंद असलेले ‘अंडर-रीम्ड’ पाइल घालतात; ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केली. आणखी एक फसवणूक इथेच होते. खड्ड्यातून निघालेली काळी माती उचलून न्यायला खर्च येतो, म्हणून ती जोत्याच्या भरावात परत ढकलली जाते. वरून चार इंच मुरूम पसरला की कोणाला दिसत नाही. एक-दोन पावसाळ्यांनंतर फरशी मधेच दबते, तेव्हा टाइल्सच्या कंपनीला शिव्या बसतात. भराव मुरमाचाच, थराथराने पाणी मारून धुम्मसाने ठोकलेला हवा. जोते झाले की मंजूर नकाशाप्रमाणे आहे ना, याचे जोता तपासणी प्रमाणपत्र घ्यायचे असते. वाळवीचे औषध मारायचे तेही फरशीखालचे काँक्रीट पडण्याआधी.

स्लॅब : घरबांधणीतला सगळ्यांत गडबडीचा दिवस. पहाटे मिक्सर आणि लिफ्ट येते, नारळ फुटतो, स्लॅबची टोळी येते. ती बहुधा मिस्त्रीची नसून वेगळी असते आणि अंधार पडायच्या आत तिला मोकळे व्हायचे असते. खडी, वाळू, सिमेंटच्या घमेल्यांची रांग लागते. काँक्रीट पातळ असले की पटकन पसरते, म्हणून मिक्सरवाल्याला वरून सारखी एकच हाक येते : “पाणी सोड!” या हाकेला आवर घालणे हे त्या दिवशी मालकाचे पहिले काम. एम-२० दर्जाच्या साध्या मिश्रणात ५० किलोच्या एका पोत्याला फार तर ३० लिटर पाणी भारतीय मानक ४५६ ला मान्य आहे. त्यात वाळूतला ओलावाही आला. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे ठेवते. त्यांतून ओल शिरते, सळई गंजते, गंज फुगून पापुद्रे पडतात.

दुसरे काम गमबुटांकडे पाहण्याचे. खोलीच्या मधल्या भागात मुख्य सळई खाली असते, पण बाहेर लोंबणाऱ्या गॅलरीत ती वर असावी लागते, कारण तिथे ताण वरच्या बाजूला येतो. स्लॅब ओतताना त्याच सळयांवरून वीस माणसे घमेली घेऊन चालतात आणि ‘चेअर’ लावलेल्या नसल्या तर वरची सळई तुडवून खाली जाते. काँक्रीट पडले की काही दिसत नाही. टेकू काढतात त्या दिवशी गॅलरी खाली येते, किंवा येत नाही आणि पुढे कधीतरी येते. सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत ना, व्हायब्रेटर चालू आहे ना, हेही त्याच दोन-चार तासांत पाहायचे. संध्याकाळी टोळीला मटणाचे जेवण देण्याची रीत अनेक गावांत आहे. ती पाळावी.

दुसऱ्या दिवशी स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवतात. कॉलमला गोणपाट गुंडाळून ओले ठेवतात. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, उष्ण कोरड्या हवेत १०, आणि फ्लाय अ‍ॅश वगैरे मिसळलेल्या सिमेंटला १४ दिवस पाणी द्यावे, अशी मानकाची शिफारस आहे. आज दुकानात मिळणारे बरेचसे सिमेंट मिश्र असल्याने १४ च धरावेत. टँकर विकत घेणाऱ्या गावात नेमके इथेच पाणी वाचवले जाते.

उरलेली कामे : वीटकाम, चौकटी, गिलावा, नळजोड, फरशी, रंग हे सगळे मिळून स्लॅबपर्यंतच्या कामाहून जास्त वेळ खातात, पण त्यांतल्या चुका बहुधा दुरुस्त होतात. वीट रात्रभर भिजवलेली हवी. कोरडी वीट सांध्यातले पाणी पिऊन टाकते. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा, शेजारी टेप धरून, मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर पुढे खिळा ठोकताना पाण्याची नळी फुटत नाही. मुख्य चौकटीची पूजा होते, दृष्ट लागू नये म्हणून परांचीला काळी बाहुली टांगली जाते. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र आणि खेड्यात ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नोंद. वास्तुशांत मात्र पुष्कळदा या दोन्हींच्या आधी उरकते, कारण मुहूर्त कार्यालयाच्या वेळेने चालत नाही.

कोकण : रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात गणित बदलते. तेथे वीट नाही, जांभ्याचा चिरा आहे. खाणीतून नुकता कापलेला जांभा मऊ असतो आणि उघड्या हवेवर कठीण होत जातो, म्हणून ताजा चिरा लगेच भिंतीत न बसवता काही काळ उघड्यावर रचून ठेवणे चांगले. खाणी आणि बांधकाम दोन्ही पावसात थांबतात, तेव्हा दिवाळीनंतर सुरू केलेले घर मेअखेर छपराखाली आणण्याची शर्यत असते. स्लॅब टाकला तरी त्यावर पुन्हा उतरते छप्पर करतात, कारण सपाट गच्चीवर चार महिने पाणी कोसळते. पूर्वी मंगलोरी कौले असत, आता पत्राही दिसतो. बाहेरच्या भिंतीला मात्र पुष्कळ जण गिलावा करत नाहीत, फक्त सांधे भरून घेतात. चिरा किती सरळ घडला आहे, सांधा कुठे अर्ध्या बोटाने जाड झाला आहे आणि कोपऱ्यावर गवंड्याने घाई केली आहे का, हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते.