वणीचा घाट आणि ‘रुग्णवाहिका’

‘अँब्युलन्स’ या शब्दाच्या मुळाशी ‘चालणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. फ्रेंच सैन्याबरोबर हिंडणारे इस्पितळ, हा त्या संज्ञेचा पूर्वार्थ. मराठीत रूढ झालेली ‘रुग्णवाहिका’ मात्र केवळ वाहून नेण्याचाच बोध करून देते. हा अर्थभेद निव्वळ कोशकारांच्या कुतूहलाचा नव्हे. सार्वजनिक द्रव्याची वाटणीही बहुधा त्याच रेषेवर झालेली आढळते. १९९३ साली सुरू झालेल्या खासदार स्थानिक विकास निधीतून रुग्णवाहिका विकत घेता येते, परंतु चालकाचे वेतन, इंधन इत्यादी आवर्ती खर्च त्यातून भागविता येत नाही. वाहन दात्याचे नाव मिरवीत येते. आत वैद्य कोणी बसवावयाचा, हे कोणी सांगत नाही.

जानेवारी २००८ मध्ये वणीनजीक सप्तशृंग गडाच्या घाटात यात्रेकरूंची बस दरीत कोसळून अनेक जण मृत्युमुखी पडले, तेव्हा महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा नव्हती. ती २०१४ साली आली. तेव्हा वाहने होती ९३७, पैकी २३३ प्रगत जीवरक्षक सामग्रीची, नियंत्रण कक्ष पुण्यास, वाहनात डॉक्टर, पैसा शासनाचा, व्यवस्था कंत्राटाने बी. व्ही. जी. कंपनीकडे, रुग्णास आकार नाही. फ्रेंच संज्ञेचा मूळ अर्थ असा सव्वादोनशे वर्षांनी घाटाखाली पोहोचला म्हणावयाचा! अशा कंत्राटाचे मोजमाप केवळ फेऱ्यांवरून करणे मला अपुरे वाटते. गडावर गर्दी लोटते ती चैत्रोत्सवात व नवरात्रात. एरवी वाहन रिकामे उभे असले, तरी डॉक्टर व चालक यांचे वेतन चालूच असते.