संपात, ग्रहस्थिती आणि भारतयुद्धाचा काल

बोधेंद्र सरस्वतींच्या अधिष्ठानामुळे प्रसिद्ध असलेल्या गोविंदपुरम् या गावाजवळच्या कुंभकोणम् येथील महामहम् पर्व २२ फेब्रुवारी २०१६ रोजी साजरे झाले. त्याच सुमारास नाशिक-त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ चालू होता. दोहोंचे निमित्त एकच: गुरूची सिंह राशीतील स्थिती. हा योग सुमारे बारा वर्षांनी परततो. शनीला राशिचक्र ओलांडण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. ग्रहस्थितीच्या या पुनरावृत्तीतच महाकाव्यांच्या कालनिर्णयाची मुख्य अडचण आहे.

संपाताची गती याहून वेगळी आहे. तो सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. एक नक्षत्र ओलांडण्यास त्याला साधारण ९६० वर्षे लागतात. हे माप स्थूल असले, तरी संपूर्ण फेरा सुमारे २६,००० वर्षांचा असल्याने ते संदिग्ध नाही. लोकमान्य टिळकांनी 'ओरायन'मध्ये (१८९३) मृगशीर्षातील वसंतसंपाताचा आधार घेतला. शं. बा. दीक्षितांनी कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, या शतपथब्राह्मणातील विधानावरून इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा काल काढला. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) हा त्यांचा ग्रंथ या परंपरेचा पाया होय.

महाभारतात मात्र ग्रहस्थितीचे उल्लेख परस्परविसंगत आहेत. उद्योगपर्वात शनी रोहिणीला पीडा देतो. भीष्मपर्वात तो पूर्वाफाल्गुनीस पीडितो आणि गुरूसह विशाखेजवळही असतो. मंगळ एका ठिकाणी ज्येष्ठेत वक्री आहे, दुसऱ्या ठिकाणी मघांत. शिवाय भीष्मपर्वातील हे वर्णन उत्पातांच्या यादीत येते. त्याच अध्यायात गाईंच्या पोटी गाढवे जन्मल्याचे सांगितले आहे. एक वाक्य वेध मानावयाचे व शेजारचे अतिशयोक्ती, याचा निकष अभ्यासकालाच पुरवावा लागतो.

या निवडीचा परिणाम निष्कर्षांत दिसतो. ऐहोळे येथील इ.स. ६३४ च्या शिलालेखात भारतयुद्धास ३७३५ वर्षे झाल्याची नोंद आहे, चिं. वि. वैद्यांचा इ.स.पू. ३१०१ हा निर्णय याच परंपरेशी जुळतो. वराहमिहिराने युधिष्ठिराचा काल शकापूर्वी २५२६ वर्षे दिला. प. वि. वर्तकांनी युद्धारंभ १६ ऑक्टोबर इ.स.पू. ५५६१ असा ठरविला; त्यासाठी युरेनस व नेपच्यून यांचेही उल्लेख महाभारतात असल्याचे प्रतिपादिले. वैद्य आणि वर्तक यांच्यात २४६० वर्षांचे अंतर पडते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीने (१९१९-१९६६) महाभारताची संहिता अनेक पाठपरंपरांतून घडल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे वेधाचा काल, श्लोकरचनेचा काल आणि घटनेचा काल हे तीन वेगळे प्रश्न ठरतात. गणित यांपैकी पहिल्याचेच उत्तर देते, तेही वेध खरोखर घेतला गेला असेल तर. प्राचीन वेधाची स्मृती उत्तरकालीन कवी जपू शकतो, तसेच उत्तरकालीन ज्योतिषी जुन्या युद्धावर गणिताने काढलेले आकाश बसवू शकतो. म्हणून गणिताआधी पाठचिकित्सा आवश्यक ठरते.