वेताळाचा प्रश्न, कवड्यांचे दान आणि पानाचा क्रमांक : वाचकाच्या निवडीवर चालणाऱ्या भयकथेचा इतिहास

१/ पावसाची रात्र. मोटार रस्त्याकडेच्या खड्ड्यात अडकली आहे. दूर एका जुन्या वाड्याच्या खिडकीत दिवा दिसतो. तेथे दूरध्वनी असेल या आशेने ‘तुम्ही’ दाराशी पोहोचता. कडी वाजवायची, की वाड्याला वळसा घालून मागच्या बाजूने आत डोकवायचे? प्रत्येक उत्तराला वेगळा परिच्छेद आहे आणि पुष्कळ परिच्छेदांच्या शेवटी मृत्यू आहे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘हाऊस ऑफ हेल’ या गेमबुकची ही सुरुवात.

२/ गेमबुक म्हणजे ज्यात वाचक हेच मुख्य पात्र असते असे पुस्तक. मजकूर क्रमांकित तुकड्यांत विभागलेला असतो. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी निवड येते आणि त्या निवडीनुसार वाचक पुढच्या क्रमांकावर जातो. हा प्रकार पूर्णतः पाश्चात्त्य आणि आधुनिक, असा सर्वसाधारण समज आहे. पण त्याचे सुटे भाग पाहिले, तर त्यांतील दोन महाराष्ट्राच्या चांगलेच परिचयाचे निघतात.

३/ पहिला भाग म्हणजे भयकथेच्या ऐन मध्यावर ऐकणाऱ्याला घातलेला प्रश्न. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला. त्यातील वेताळकथांचा राजा त्रिविक्रमसेन हा उज्जैनचा नव्हे, तर गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानाचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. पुढे लोककथेने त्याला विक्रमादित्यात विलीन केले आणि पैठण विस्मरणात गेले.

४/ कथेची चौकट सर्वश्रुत आहे. क्षांतिशील नावाचा भिक्षू राजाला रोज एक फळ देतो. एके दिवशी माकडाने चावलेल्या फळातून रत्न बाहेर पडते. उपकाराची फेड म्हणून राजाने कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात यावे आणि शिंशपा वृक्षाला लटकलेले प्रेत आणून द्यावे, अशी भिक्षूची मागणी असते. प्रेतात वेताळ आहे. वाट कंटाळवाणी होऊ नये म्हणून तो गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो.

५/ आता या खेळाचे नियम पाहावेत. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. उत्तर दिले, तर मौन मोडेल आणि प्रेत पुन्हा झाडाला जाऊन लटकेल. म्हणजे खोटे मौन पाळले तर मृत्यू आणि खरे बोलले तर पुन्हा आरंभापासून खेळ. गेमबुकचा वाचक चुकीच्या पानावर मरण आले की पहिल्या पानाकडे वळतो. राजाही तसाच पुनःपुन्हा झाडाकडे वळतो. फरक एवढाच, की राजाला परत पाठवते ते त्याचे अचूक उत्तर.

६/ या खेळातून सुटण्याची वाट एकच आहे. शेवटच्या प्रश्नकथेत बाप आणि मुलगा दोन स्त्रियांच्या पाऊलखुणा पाहून ठरवतात, की मोठ्या पावलांची स्त्री बापाची आणि लहान पावलांची मुलाची. प्रत्यक्षात मोठी पावले मुलीची निघतात आणि लहान आईची. विवाह ठरल्याप्रमाणेच होतात. मग त्यांच्या मुलांचे एकमेकांशी नाते काय? राजाला खरोखरच उत्तर सुचत नाही. तो गप्प राहतो आणि या वेळी त्याचे मौन खरे असते.

७/ तेव्हा वेताळ प्रसन्न होऊन भिक्षूचा कट उघड करतो. भिक्षू राजाला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल आणि त्याच क्षणी त्याचा बळी देईल. राजाने म्हणावे, ‘नमस्कार कसा घालायचा ते आधी तू दाखव.’ राजा तसेच करतो आणि वाकलेल्या भिक्षूचे मस्तक उडवतो. वाटेत मिळालेली माहिती शेवटच्या दाराशी किल्ली म्हणून उपयोगी पडते. गेमबुकची रचना याच तत्त्वावर उभी असते.

८/ या कथांचा उगम कोठला? परंपरा बोट दाखवते ते गुणाढ्याच्या पैशाची भाषेतील ‘बृहत्कथे’कडे. आख्यायिकेनुसार सातवाहन राजाने हा ग्रंथ नाकारला, तेव्हा गुणाढ्याने अरण्यात पशुपक्ष्यांना वाचून दाखवत एकेक पान अग्नीत टाकले. मात्र बुधस्वामीच्या ‘बृहत्कथाश्लोकसंग्रहा’त वेताळकथा नाहीत. त्यामुळे ही कथामाला मुळात स्वतंत्र असावी आणि काश्मिरी परंपरेत ‘बृहत्कथे’ला जोडली गेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

९/ दुसरा भाग म्हणजे दैव. मराठी परंपरेत ‘मोक्षपट’ नावाचा खेळ आहे आणि त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना दिले जाते. उपलब्ध पट मात्र त्यांच्यानंतर पुष्कळ काळाने तयार झालेले आहेत. पुण्याचे हस्तलिखित-अभ्यासक वा. ल. मंजूळ यांनी अशा पटांचा शोध घेऊन त्यांचा अभ्यास केला. दान कवड्यांनी पडते. शिडी सद्गुणाची असते आणि साप दुर्गुणाचा. सापाच्या तोंडी पडलेला खेळाडू थेट अधोगतीला जातो. याच कुळातील खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये मुलांची सापशिडी झाला.

१०/ दोन्ही खेळांचे तत्त्वज्ञान परस्परविरुद्ध आहे. मोक्षपटात खेळाडूला निवड नाही. दान पडेल तसे चालायचे. वेताळाच्या खेळात दान नाही, फक्त विवेक आहे. १९८२ साली स्टीव्ह जॅक्सन आणि इयान लिव्हिंगस्टन यांनी ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ हे ४०० परिच्छेदांचे पुस्तक काढले. त्यात वाचक वाट स्वतः निवडतो, पण लढाईचा निकाल फाशांवर ठरतो. ‘हाऊस ऑफ हेल’मध्ये भीतीचेही गुण मोजले जातात. ते मर्यादेपर्यंत पोहोचले, की पात्र भयानेच मरते.

११/ निवड आणि नशीब यांचे हे मिश्रण खानदेशाला नवे वाटू नये. अक्षय्य तृतीया, म्हणजे आखाजी, हा येथील मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. एरवी निषिद्ध मानलेला पत्त्यांचा डावही त्या दिवसांत राजरोस मांडला जातो. हातात आलेली पाने नशिबाची, पण कोणते पान केव्हा टाकायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे.

१२/ तिसरा भाग म्हणजे छापील, क्रमांकित पान. येथे इतिहासाला चमत्कारिक वळण मिळते. १८१४ साली श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्यातून वैजनाथ शर्मांची मराठी ‘सिंहासनबत्तिशी’ निघाली. १८३० साली बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ आली. मराठी गद्याच्या पहिल्या काही दशकांतच वेताळ छापखान्यात शिरला. पण छापील पानावर वेताळाच्या प्रश्नाखालीच राजाचे उत्तर छापलेले असते. ऐकणाऱ्याने विचार करण्यासाठी मध्ये जागाच उरत नाही.

१३/ तोंडी कथनात ती जागा होती. सांगणारा प्रश्नापाशी थांबू शकतो. शेकोटीभोवतीचे हुंकार देणारे श्रोते आपापसांत वाद घालतात, कोणी राजाच्या आधी उत्तर देते, कोणी राजाचे उत्तर नाकारते. चोपडा हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव तापीच्या खोऱ्यातील सुरत-बऱ्हाणपूर या जुन्या व्यापारी वाटेवर आहे. १६१० साली इंग्रज प्रवासी विल्यम फिंच याच वाटेने बऱ्हाणपूरकडे गेला. व्यापाऱ्यांच्या मालाची नोंद जकातीच्या कागदांत होत असे. मुक्कामावर रात्री कोणती गोष्ट रंगली आणि तिच्या प्रश्नावर कोण काय म्हणाले, याची वही कोणी ठेवत नसे.

१४/ पाश्चात्त्य गेमबुकचा जन्मही अशाच तोंडी थांब्यातून झाला. वाचकाने पर्याय निवडायचे पुस्तक १९३० सालीच न्यूयॉर्कला निघाले होते. डोरिस वेब्स्टर आणि मेरी ऑल्डन हॉपकिन्स यांचे ‘कन्सिडर द कॉन्सिक्वेन्सेस!’ हे ते पुस्तक. पण हा प्रकार लोकप्रिय केला एडवर्ड पॅकार्ड यांनी. झोपताना मुलींना गोष्ट सांगता सांगता त्यांना पुढचे सुचेना, तेव्हा त्यांनी मुलींनाच विचारले, ‘आता याने काय करावे?’ दोघींनी वेगवेगळी उत्तरे दिली. १९७९ साली त्यांच्या ‘द केव्ह ऑफ टाइम’ने ‘चूझ युअर ओन अ‍ॅडव्हेंचर’ ही प्रसिद्ध माला सुरू झाली.

१५/ पुढे १९९५ पासून आर. एल. स्टाईन यांच्या ‘गिव्ह युअरसेल्फ गूजबम्प्स’ मालेने मुलांच्या भयकथेत हा खेळ आणला. २८ डिसेंबर २०१८ रोजी नेटफ्लिक्सवर ‘बँडरस्नॅच’ आला. त्यात प्रेक्षक पडद्यावरच्या तरुणाच्या वतीने निर्णय घेतो आणि आपल्यासाठी दुसरेच कोणी निवडत आहे, याची त्या तरुणाला हळूहळू जाणीव होते. कथानकाचा काळ १९८४ चा आहे, म्हणजे ‘हाऊस ऑफ हेल’चेच वर्ष.

१६/ इकडे वेताळ थांबलेला नव्हता. १९५२ पासून ‘चांदोबा’ मराठीत निघू लागला आणि त्यातील विक्रम-वेताळाच्या कथा पंचविसाचा आकडा कधीच ओलांडून गेल्या. खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेतलेला राजा, हे शंकर यांचे चित्र घराघरांत पोहोचले. १९८५ साली रामानंद सागर यांची मालिका दूरदर्शनवर आली. अरुण गोविल विक्रम झाले आणि सज्जन वेताळ. पण मासिकातही आणि पडद्यावरही उत्तर एकच राहिले, राजाचे.

१७/ त्या उत्तरात काय दडले आहे, हे मंदारवतीच्या कथेत दिसते. तिच्यावर तिघांचे प्रेम असते. ती मरण पावते. एक तिच्या राखेवर झोपतो, एक अस्थी गंगेत नेतो, एक भटकून संजीवनीचा मंत्र आणतो. ती जिवंत होते. मग पती कोण? राजा म्हणतो, जीव देणारा पिता झाला, अस्थी नेणारा पुत्र झाला आणि राखेला कवटाळून राहिलेला तोच पती. उत्तर चातुर्याचे आहे. पण मंदारवती आता जिवंत उभी आहे आणि तिला कोणीच काही विचारत नाही.

१८/ मदनसुंदरीच्या कथेतही तेच घडते. देवळात पती आणि बंधू मस्तके कापून घेतात. देवी त्यांना जिवंत करू देते आणि घाईत मदनसुंदरीकडून शिरे बदलली जातात. पती कोणता? राजा म्हणतो, ज्या धडावर पतीचे शिर आहे तो. सोमदेवाची गोष्ट येथे संपते. १९४० साली थॉमस मान यांनी आणि पुढे गिरीश कार्नाड यांनी ‘हयवदन’ नाटकात जणू पुढचे पान उलटले. राजाचा निवाडा मान्य केला, तर त्या स्त्रीच्या संसाराचे काय होते? विजया मेहता यांनी ‘हयवदन’ मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हा हा प्रश्न मराठी प्रेक्षकांपुढेही उभा राहिला.

१९/ गेमबुकचे ऐतिहासिक महत्त्व येथे आहे. फासे आणि पानांचे क्रमांक ही त्याची साधने झाली. त्याने ऐकणाऱ्याला त्याची जागा परत दिली आणि त्या जागेबरोबर जबाबदारीही दिली. वाड्याचे दार वाचकाने स्वतः उघडले असेल, तर आत जे घडते त्याचा दोष लेखकावर ढकलता येत नाही. भयाची धार वाढते ती त्यामुळे. वेताळाने राजाला हेच सांगितले होते. ठाऊक असताना गप्प राहण्याची शिक्षा सर्वांत मोठी आहे.

२०/ मौखिक परंपरा किती अल्प अंतराने वाचते, याचा दाखला खानदेशातच आहे. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी निवर्तल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि इतर आप्तांनी गाणी उतरवून ठेवली नसती, तर १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालेच नसते. ‘चांदोबा’ मराठीत सुरू झाला तेच हे वर्ष.

२१/ अहिराणीत आजही वेताळाच्या, मुंज्याच्या, हडळीच्या गोष्टी सांगणारी माणसे आहेत आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे. चोपड्यात, शिरपुरात, अमळनेरात कोणी अशी गोष्ट मुद्रित केली, तर सांगणारा प्रश्नापाशी थांबतो तेथे यंत्र बंद करू नये. ऐकणाऱ्यांची उत्तरे, त्यांचे वाद आणि विशेषतः मंदारवतीबद्दल तेथील बायका काय म्हणतात, तेही नोंदवावे. सोमदेवापासून छत्र्यांपर्यंत लिहिणाऱ्यांनी राजाचे उत्तर जपून ठेवले. बाकीच्यांची उत्तरे अजून लिहायची आहेत.