'बेवुल्फ'मधला निनावी चोर

आधुनिक अद्भुत कादंबरीची मुळे प्राचीन महाकाव्यांत आहेत, हे विधान इतके सर्वमान्य झाले आहे की त्याचा नेमका अर्थ विचारायचे राहूनच जाते. राक्षस, तलवारी आणि शापित खजिने उचलले म्हणजे परंपरेशी नाते जडते काय? जे. आर. आर. टॉल्किन यांचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

३१८२ ओळींचे 'बेवुल्फ' हे प्राचीन इंग्रजी काव्य इ. स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या एकाच हस्तलिखितात टिकले. १७३१ च्या आगीत तेही होरपळले. अभ्यासक दीर्घकाळ या काव्याकडे इतिहासाचे आणि भाषेचे साधन म्हणून पाहत. त्यातले राक्षस अनेकांना पोरकट वाटत. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन यांनी १९३६ मध्ये ब्रिटिश अकादमीपुढील व्याख्यानात नेमके उलट प्रतिपादन केले. राक्षस हेच काव्याचे केंद्र होय, कारण त्यांच्या रूपाने माणूस आपल्या अटळ पराभवाशी झुंजत असतो. पुढच्याच वर्षी त्यांची 'द हॉबिट' प्रसिद्ध झाली.

'बेवुल्फ'च्या अखेरच्या भागात कोणी एक परागंदा माणूस ड्रॅगनच्या खजिन्यातून पेला चोरतो. खवळलेला ड्रॅगन वस्त्या जाळतो आणि पन्नास वर्षे राज्य केलेला वृद्ध राजा त्याच्याशी लढताना प्राणांस मुकतो. या चोराला काव्यात नाव नाही. तो गुलाम होता की आणखी कोणी, हेही हस्तलिखितातील शब्द पुसट झाल्यामुळे निर्विवादपणे सांगता येत नाही. राजाच्या तुकडीतला तेरावा माणूस म्हणून त्याला नाइलाजाने वाट दाखवावी लागते आणि मग कवी त्याला विसरतो.

'द हॉबिट'मध्येही पेला चोरीला जातो आणि ड्रॅगन खवळतो. पण येथे चोरच नायक आहे. तेरा बुटक्यांच्या टोळीतला अशुभ आकडा टळावा म्हणून घेतलेला चौदावा, बिल्बो! ड्रॅगनला तो मारत नाही. ते काम बार्ड या धनुर्धराचे. बिल्बोचे धैर्य निराळे आहे. युद्ध टळावे म्हणून हाती आलेले अमोल रत्न तो विरुद्ध पक्षाच्या स्वाधीन करतो. 'बेवुल्फ'मध्ये सोने राजाबरोबर पुरले जाते आणि पूर्वीइतकेच निरुपयोगी राहते. बिल्बो मात्र रत्नाचा लोभ जिवंतपणीच सोडतो.

१९३८ मध्ये 'द ऑब्झर्व्हर'ला लिहिलेल्या पत्रात टॉल्किन यांनी 'बेवुल्फ'चे ऋण मान्य केले. मात्र चोरीचा प्रसंग लिहिताना ते काव्य जाणीवपूर्वक मनात नव्हते, असेही नोंदवले. आपल्याला हे कथन महत्त्वाचे वाटते. आयुष्यभर वाचलेले काव्य असे नकळत हाताशी येते. त्यांच्या अनेक अनुकरणकर्त्यांनी ड्रॅगन तेवढा घेतला. महाकवीने एका ओळीत सोडून दिलेल्या माणसाकडे वळून पाहण्याची दृष्टी मात्र उसनी मिळत नाही. त्यासाठी मूळ काव्यच वाचावे लागते.