बंदिवानांची भेट व भेट देणाऱ्याचे वर्तन

ज्युबिली हा शब्द आपण आनंदाच्या अर्थाने योजतो. परंतु मुळात तो सुटकेचा शब्द आहे. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात पन्नासावे वर्ष पवित्र मानून देशभर सुटकेची दवंडी पिटविण्याची आज्ञा आहे. म्हणून आपल्या देवळाच्या महोत्सवाच्या या पुस्तकात, जे आज बंद दाराआड आहेत त्यांच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अप्रासंगिक वाटत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूने बंदिवानाची भेट ही आपलीच भेट गणली आहे, आणि ख्रिस्तसभेने तिला दयेच्या शारीरिक कृत्यांत स्थान दिले आहे. मात्र हे कृत्य करावे कसे, हे शिकावयास ख्रिस्ती लोकांस कित्येक शतके लागली.

रोम शहरात १४८८ साली फ्लॉरेन्सच्या काही रहिवाशांनी शिरच्छेद झालेल्या संत योहानाच्या नावाने एक बंधुसंघ स्थापिला. देहान्ताची शिक्षा झालेल्या माणसाजवळ अखेरची रात्र बसून काढावी, त्याच्याबरोबर वधस्थानापर्यंत चालावे व त्याच्या देहाला मूठमाती द्यावी, हे त्यांचे काम. वाटेने जाताना ते त्याच्या डोळ्यांसमोर धर्मचित्रांची फळी धरीत, जेणेकरून भोवतालच्या बघ्यांऐवजी त्याची दृष्टी तारणाऱ्याकडे राहावी. सुप्रसिद्ध शिल्पकार मायकेल अँजेलो हाही या संघाचा सभासद होता. सर्व सभासदांच्या तोंडावर काळा बुरखा असे. धनिक कोण, कारागीर कोण, हे कोणास कळत नसे. सेवा करावी आणि सेवकाचे नाव झाकलेले असावे, हा पहिला धडा आम्हांस येथे मिळतो.

पोर्तुगालात १४९८ साली लिस्बन येथे मिझेरिकॉर्दिया नावाची दयासंस्था निघाली व पुढे तिची शाखा गोव्यासही आली. गरीब कैद्यांस अन्न पोहोचविणे व त्यांच्या खटल्यांची दाद लावणे हे तिच्या कर्तव्यांपैकी होते. १५४२ च्या मे महिन्यात संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरला, तेव्हा इस्पितळातील आजाऱ्यांप्रमाणे तुरुंगातील माणसांकडेही तो जाऊ लागला. तो त्यांची कुमसारे ऐके. पण कुमसार कसे करावे, हे आधी प्रेमाने शिकवी.

आता जिचे उदाहरण आम्ही देणार आहोत, ती बाई आपल्या ख्रिस्तसभेची नव्हे, क्वेकर पंथाची होती. तथापि सद्गुण जेथे दिसेल तेथे त्यास वंदन करावे. एलिझाबेथ फ्राय १८१३ साली लंडनच्या न्यूगेट तुरुंगात प्रथम गेली. सुमारे ३०० स्त्रिया, कित्येकींची लेकरे कडेवर, थोड्याशा जागेत कोंडलेल्या होत्या. तिने पहिल्या भेटीत प्रवचन झोडले नाही. उघड्या बाळांसाठी कपडे नेले. १८१७ साली तिने स्त्रियांचे एक मंडळ उभारले, मुलांसाठी शाळा काढली व शिवणकाम सुरू केले. वर्तनाचे नियम ठरविताना प्रत्येक नियम कैदी स्त्रियांस वाचून दाखविला व त्यांचे मत घेतले. ज्यांस कोणी काही विचारीत नव्हते त्यांस विचारले गेले, आणि त्या नियम पाळू लागल्या. १८२७ साली तिने भेट देणाऱ्या स्त्रियांसाठी एक पुस्तकच लिहिले. न्याय करावयास नव्हे, दया करावयास आत जावे, असा त्यातील उपदेशाचा मथितार्थ आहे.

परंतु तिच्याही वाट्यास एक कठीण प्रसंग आला. १८१८ साली हॅरिएट स्केल्टन नावाच्या स्त्रीस खोट्या नोटा चालविल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. फ्रायबाईने तिच्यासाठी मोठमोठ्यांकडे रदबदली केली. गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांचा रोष झाला, आणि हॅरिएट फासावर गेली. आम्ही यावर पुष्कळ विचार केला. दयेची याचना करणे हा दोष नव्हे. त्या गुन्ह्याचा देहदंडच १८३७ पर्यंत इंग्लंडच्या कायद्यातून नाहीसा झाला. परंतु सुटका भेट देणाऱ्याच्या हाती नसते, हे कटू सत्य येथे दिसते. म्हणून "तुम्ही सुटाल" हे वाक्य आपल्या तोंडून कधीही निघू नये. खोटी आशा ही दुसरी शिक्षा होय. फ्रायबाईने मात्र अपयशानंतर तुरुंगाची वाट सोडली नाही.

इटलीत तुरिन येथे संत योसेफ काफासो (१८११–१८६०) याने पन्नासहून अधिक माणसांस फासापर्यंत सोबत केली. त्यानेच तरुण डॉन बॉस्कोला तुरुंग दाखविले. सुटलेली पोरे पुन्हा पुन्हा आत येतात, कारण बाहेर त्यांना आपले म्हणणारे कोणी नाही, हे तेथे डॉन बॉस्कोने पाहिले, व १८४१ पासून मुलांसाठीचे त्याचे कार्य सुरू झाले. तात्पर्य, भेट तुरुंगाच्या दारापाशी संपत नाही.

या इतिहासावरून, जे बंधुभगिनी हे काम पत्करू इच्छितात त्यांस आम्ही इतकेच सांगू. गुन्हा काय, असे आपण होऊन विचारू नये. तो सांगेल तर ऐकावे व बाहेर बोलू नये. ठरल्या दिवशी अवश्य जावे, कारण आतला मनुष्य दिवस मोजीत असतो. अधिकाऱ्यांचे नियम पाळावे. गाऱ्हाणे असल्यास ते योग्य ठिकाणीच मांडावे. चिठ्ठी, पैसा, तंबाखू, काहीही चोरून नेऊ नये. आपल्या देशात १८९४ च्या तुरुंग कायद्याने अशा कृत्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठरविल्या होत्या. आणि एकाच्या अविचाराने सर्वांस दार बंद होते. अन्यधर्मीयास मदत देताना तिच्या मोबदल्यात त्याचा धर्म मागू नये. त्याच्या दुःखाचे छायाचित्र काढून आपल्या पुण्याची जाहिरात तर मुळीच करू नये.

२६ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या रेबिब्बिया तुरुंगात ज्युबिलीचे पवित्र द्वार उघडले. महोत्सवाचे द्वार तुरुंगातही असू शकते, हे त्या दिवशी जगाने पाहिले. आपल्या देवळातील दिवे विझल्यावर आपल्यापैकी दोघे-चौघे जरी त्या द्वाराकडे नम्रपणे चालू लागले, तरी आमची ज्युबिली सफल झाली असे आम्ही समजू.